हे तू कुणाला सांगतोयस?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

 

आजचा विषय एका श्रोत्यानं दिलाय. त्याची परवानगी आहे, फक्त नाव घ्यायचं नाही असं ठरलंय. त्यानं मला चार मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली आणि सोबत स्वतः लिहिलेलं एक पान. प्रश्न असा होता: "ताई, मी लिहितो, पण वाचून बघितलं की ते माझं वाटतच नाही. कुणीही लिहिल्यासारखं वाटतं. लेखकाला स्वतःचा आवाज सापडतो म्हणतात, तो कसा सापडतो?"

मी आधी पान वाचलं. पहिलं वाक्य होतं, आयुष्य हा एक प्रवास आहे. मग आठवणींचा हिंदोळा, मनाचा कप्पा, नात्यांची वीण, सगळं ओळीनं आलं. चूक काहीच नाही त्यात. पण हे शब्द आपण सगळ्यांनी इतके वापरलेत की त्यावर कुणाचाच ठसा उरलेला नाही. फोनचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो ना, तसे ते आपोआप येतात. आणि कीबोर्डनं सुचवलेला शब्द एकट्या तुम्हाला सुचवलेला नसतो, सगळ्यांनाच सुचवलेला असतो.

मग व्हॉइस नोट ऐकली. त्यात तो आईबद्दल बोलत होता. पहाटे साडेचारला दूध काढायला उठते, म्हशीशी भांडते, आणि घरातल्या माणसांपेक्षा म्हशीवर जास्त चिडते, कारण "म्हस उलटून बोलत न्हाई ना". मी हसले. माणूस पुरता डोळ्यांसमोर उभा राहिला.

आता बघा, ज्याचा आवाज हरवलाय असं तो म्हणतोय, तो चार मिनिटं स्वतःच्याच आवाजात बोलत होता! मग पानावर काय झालं? मला वाटतं, नोट पाठवताना तो मला सांगत होता. समोर एक माणूस होतं. पान लिहिताना तो कुणालाच सांगत नव्हता. "वाचकांना" सांगत होता, म्हणजे हवेत बोलत होता.

आज मला एवढंच म्हणायचंय. आवाज ही आत कुठेतरी पुरून ठेवलेली वस्तू नसते. समोर कोण ऐकतंय हे पक्कं झालं की तो येतो. ही माझ्या मनची गोष्ट नाही. मराठीतली काही पुस्तकं घेऊन दाखवते.

गंगेची कावड आणि गोडसे भटजी

पहिलं उदाहरण प्रवासाचं. पेणजवळ वरसई नावाचं गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. वय तिशीच्या आसपास, घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं होतं. म्हणजे हे काही जग बघायला निघालेले हौशी प्रवासी नव्हेत. पोटासाठी निघालेला भिक्षुक माणूस. आणि वाटेत काय आडवं आलं? १८५७चा उठाव.

फिरत फिरत ते झाशीला पोचले आणि इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा शहरातच अडकले. तोफा, आगी, लूट, कत्तल, सगळं डोळ्यांनी पाहिलं, लपून जीव वाचवला. मिळवलेला पैसा लुटला गेला. शेवटी कमाई काय, तर खांद्यावर गंगेची कावड. ती घेऊन चालत घरी आले, आईवडिलांसाठी.

हे सगळं त्यांनी लिहिलं साधारण पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. ‘माझा प्रवास’ हे त्या पुस्तकाचं नाव.

त्यात एक प्रसंग आहे. झाशी पडल्यावर काल्पीच्या बाजूला, वाटेवरच्या एका विहिरीपाशी हे उभे आहेत. तिथे घोड्यावरून राणी लक्ष्मीबाई येते, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका. स्वतः मडक्यानं पाणी काढते आणि ओंजळीनं पिते.

एखादा इतिहासकार इथे लढाईची तारीख देईल, सैन्याचा आकडा देईल. भटजींना मडकं दिसलं, ओंजळ दिसली. पाणी कुणी कुणासाठी काढायचं, हा प्रश्न दिसला. भिक्षुकाच्या डोळ्यांना जे दिसणार तेच. जेवायला काय मिळालं, दक्षिणा किती, स्नानाची सोय होती का, हे सगळं त्या भीषण दिवसांच्या वर्णनात येत राहतं. पुस्तकात ऐकीव गोष्टीही आहेत, इतिहासाचे अभ्यासक त्या पारखूनच घेतात. पण आवाज अस्सल आहे. कारण तो परत आलेल्या माणसाचा आहे, पडवीत बसून ओळखीच्या माणसाला सांगणाऱ्याचा.

आता पुढची गंमत ऐका. हे पुस्तक छापून आलं १९०७ साली, भटजी गेल्यावर. वैद्यांनी छापताना मजकुरात आणि भाषेत बदल केले. का, हे समजण्यासारखं आहे. इंग्रजांचं राज्य होतं, छापील पुस्तकाचा वाचक वेगळा होता. म्हणजे ऐकणारा बदलला आणि त्याबरोबर आवाजही बदलला. भटजींनी लिहिलेला मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी संपादित करून १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे त्यांचं बोलणं त्यांच्या शब्दांत छापून यायला आणखी एकोणसाठ वर्षं लागली!

म्हणून सांगते, तुमचं लेखन कुणी "जरा नीट करून" दिलं, तर जुनी फाइल डिलीट करू नका.

लक्ष्मीबाईंची आठवण

आता आठवणींकडे येऊ. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८. शाळा नाही. लग्न लहानपणीच झालं, कवी नारायण वामन टिळकांशी. वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या, आणि लिहिताना जोडाक्षरं त्यांना त्रास द्यायची. आज कुणी आपल्याला म्हणालं, "तुला शुद्धलेखन येत नाही, तू काय लिहिणार?", तर ही बाई आठवा. मराठीतल्या सगळ्यात उत्तम आत्मचरित्रांपैकी एक हिनं लिहिलंय.

आणि ते लिहिलं कसं? मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यानं आईला म्हटलं, तुला आठवतं ते लिहून दे. म्हणजे सुरुवातीला ऐकणारा एकच, स्वतःचा मुलगा. त्या आठवणी ‘संजीवनी’ साप्ताहिकात येऊ लागल्या आणि १९३४ पासून भागाभागानं ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक निघालं.

विचार करा, मुलाला त्याच्या बापाबद्दल सांगायचंय. बाप मोठा कवी, लोक पूज्य मानतात. तिथे खोटी आरती चालत नाही, कारण मुलानं बाप घरात पाहिलेला असतो. आणि निव्वळ तक्रारही चालत नाही, कारण बाप त्याचाही आहे. मग लक्ष्मीबाईंचा जो सूर लागतो ना, तो या दोन्हींच्या मधला. टिळक तापट आहेत, उधळे आहेत, न सांगता घर सोडून निघून जातात, हे त्या लपवत नाहीत. पण सांगताना एक मिश्कील हसू असतं. प्रेम आणि राग एकाच वाक्यात राहतात, भाडेकरूंसारखे, एकमेकांना न हुसकावता.

आणि दुःख लहान नव्हतं हां. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी एका ब्राह्मण बाईसाठी याचा अर्थ काय? नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या मुलाला घेऊन परत गेल्या, आणि १९०० साली स्वतःच्या विचारानं त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. सोवळं-ओवळं कुठल्या थराचं पाहून त्या वाढल्या होत्या? वडील इतके कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. त्या घरातली मुलगी जातपात मनातून कशी गळून पडली हे सांगते, आणि व्याख्यान देत नाही. आज याच्या हातचं पाणी प्यायलं, उद्या त्याच्या हातचं, अशी ती गोष्ट पावलापावलानं पुढे जाते.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात असा एखादा मोठा बदल झालेला असतो. कुणी आंतरजातीय लग्न केलं, कुणी गाव सोडलं, कुणी शेती विकली. आपण लिहायला बसलो की लगेच निष्कर्ष लिहितो: समाज बदलला, काळ बदलला. लक्ष्मीबाई पाण्याचा तांब्या दाखवतात.

चालणारी अभ्यासक

इरावती कर्व्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याकडे प्रवास आणि घर दोन्ही आहे. जन्म १९०५, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या इरावती नदीवरून. बर्लिनला जाऊन पीएचडी केली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्यभर मानववंशशास्त्राचं काम केलं.

त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख वाचा. पंढरीच्या वारीत त्या दिंडीबरोबर चालल्या. दिवसभर सगळ्या जणी एकत्र चालतात, एकच अभंग म्हणतात, आणि जेवायची वेळ झाली की जातीप्रमाणे चुली वेगळ्या! हे त्यांना खुपतं. हीच गोष्ट त्यांना शोधनिबंधात तक्ता करून मांडता आली असती. लेखात मात्र ती पाय दुखत असताना पंगतीशी उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून येते.

आणि ‘परिपूर्ती’ हा छोटा लेख. सभेत त्यांची ओळख करून देतात, अमक्यांची सून, तमक्यांची बायको. एवढी मोठी नावं घेतली तरी त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मग रस्त्यानं जाताना शाळकरी पोरं एकमेकांना सांगतात की ही आपल्या वर्गातल्या मुलाची आई, आणि ओळख पूर्ण होते. इतकी विदुषी बाई, पण लेखाला आवाज मिळाला तो रस्त्यावरच्या पोरांच्या कुजबुजीतून.

वीस वर्षं लपवलेल्या वह्या

आता जरा सावकाश जाऊ. आत्तापर्यंत ज्यांच्याबद्दल बोललो त्यांना ऐकणारं कुणीतरी होतं. यजमान, मुलगा, वाचक. ज्या बाईला ऐकणारं घरात कुणीच नाही, तिनं काय करायचं?

फलटणला बेबीताई कांबळे एक छोटं दुकान चालवायच्या. बांधणीसाठी रद्दीचा कागद यायचा, तो वाचायच्या. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या. आणि वह्या लपवून ठेवायच्या, नवऱ्यापासून, घरच्यांपासून. एक-दोन वर्षं नाही, जवळजवळ वीस वर्षं. पुढे ते लेखन ‘स्त्री’ मासिकात आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघालं.

नाव नीट ऐका. "माझं जिणं" नाही, "आमुचं". महारवाड्यातलं आयुष्य, उपासमार, बाळंतपणात जाणाऱ्या बायका, देवाला सोडलेली पोरं, आणि मग बाबासाहेबांच्या हाकेनं उठलेली वस्ती. हे सगळं "आम्ही" म्हणून येतं. घरात ऐकणारं नव्हतं, म्हणून त्यांनी ऐकणारा मनात उभा केला. जी पोरंबाळं पुढे शिकतील, ज्यांना हे दिवस ठाऊक नसतील, त्यांना ही बाई सांगतेय. म्हणून त्या आवाजात कळवळा आहे आणि दरडावणीही आहे. आजी नातवाला सांगते ना, विसरू नको म्हणून, तशी.

आणि एक गोष्ट. नवऱ्याच्या हातून काय सोसलं, ते या पुस्तकात फारसं नाही. त्याबद्दल त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. समाजाचं दुःख त्यांना स्वतःच्या दुःखापेक्षा आधी सांगावंसं वाटलं. हा निर्णय बरोबर की चूक, हे ठरवणारे आपण कोण? पण यातून कळतं की काय सांगायचं नाही, हेही आवाजाचाच भाग असतं. घरातलं सगळं लिहिलंच पाहिजे, तरच ते "ऑथेंटिक", असं कुणी म्हणालं तर मानू नका. रील टाकायला दहा सेकंद लागतात, पण घरातल्या माणसाला त्याच्यासोबत वर्षानुवर्षं जगायचं असतं. आईची गोष्ट तुमचीही आहे, पण आधी ती आईची आहे.

मग करायचं काय?

एक घरचा अनुभव सांगते. आमची आत्या माण तालुक्यातली. १९७२च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात कुणीही विचारलं, आत्या, दुष्काळ कसा होता, की तिचं एकच उत्तर: "कसा म्हंजी? दुष्काळच की." विषय संपला.

गेल्या दिवाळीत मी विचारलं, "आत्या, कामावर दुपारच्याला काय खायचीस गं?" आणि बाई सुरू झाली. सुकडी कशी मिळायची, ती पदरात बांधून धाकट्या भावासाठी घरी कशी आणायची. मिलोच्या भाकरी. "लालभडक. गिळाया जायची न्हाय बग. आन आई म्हणायची, डोळं झाकून गीळ, ज्वारीची हाय म्हन." चाळीस मिनिटं बोलली. फोन रेकॉर्डिंगला लावला होता, तिला विचारून.

नंतर मी ते कागदावर उतरवलं तेव्हा "गिळाया जायची न्हाय"चं "गिळवत नसे" करून पाहिलं. भाकरी तीच, पण आत्या गेली. म्हणून तसंच ठेवलं.

जळगावच्या बहिणाबाईंचं उदाहरण आहेच. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, मुलानं, सोपानदेवांनी, गाणी टिपून ठेवली. १९५१ला त्या गेल्या, १९५२ला गाणी पुस्तकात आली, आणि आली ती त्यांच्याच बोलीत. पुस्तकी मराठीत "सुधारून" आली असती, तर आज आपल्या ओठांवर असती का?

तर तीन गोष्टी करून बघा.

एक. लिहायच्या आधी वहीच्या वरच्या कोपऱ्यात एक नाव लिहा. हे मी कुणाला सांगतोय? धाकट्या बहिणीला, गेलेल्या आजोबांना, न झालेल्या मुलीला, चालेल. "सर्वांना" हे नाव चालणार नाही.

दोन. आठवण विचारताना मोठा प्रश्न विचारू नका. "तुमचा काळ कसा होता" याचं उत्तर कुणाकडेच नसतं. काय खाल्लं, पायात काय होतं, तिकीट किती होतं, कोण रडलं, हे विचारा. प्रवासाला गेलात तर स्वतःलाही हेच विचारा. डोंगर सुंदर होता, हे फोटोत दिसतंय. चहावाल्या मावशी काय म्हणाल्या, ते फोटोत नाही.

तीन. घरातल्या कुणाची गोष्ट असेल, तर छापण्याआधी, पोस्ट करण्याआधी त्यांना वाचून दाखवा. त्या म्हणतील, "हे नको टाकू." तर नका टाकू. त्या म्हणतील, "असं नव्हतं रे, मी तर असं म्हणाले होते." आणि दुरुस्त करताना जे वाक्य बोलतील, ते तुमच्या सगळ्या पानापेक्षा चांगलं असेल. बघा अनुभव घेऊन.

आणि घाई करा, एवढंच सांगीन. लक्ष्मीबाईंना विचारणारा मुलगा होता. बहिणाबाईंचं टिपून ठेवणारा मुलगा होता. किती घरांत असं विचारणारं कुणी नसेल, आणि ती पुस्तकं चुलीपुढेच संपली असतील. आता प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. बोलणारी माणसं मात्र दर वर्षी कमी होतायत.

ज्यानं प्रश्न विचारला त्या मित्रा, तुझं ते पान बाजूला ठेव. व्हॉइस नोट पुन्हा ऐक आणि जशी आहे तशी लिहून काढ, म्हशीसकट. आणि आईला वाचून दाखव. ती काय म्हणाली ते मला कळव.

बाकी मंडळींनीही कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर लिहीत राहा, आणि त्याआधी ऐकत राहा. नमस्कार.